दयारामच्या नसेतला झरा

दुसरबीडच्या फाट्यावर कोणालाही विचारा, कॅमेरावाला दयाराम कुठे राहतो म्हणून. तो हातातली तंबाखू तशीच मळत तुम्हाला घरापर्यंत आणून सोडेल आणि वाटेत दयारामने त्याच्या बोअरमध्ये काय काय पाहिलं तेही सांगेल. लग्नाबिग्नाचे फोटो दयारामने जन्मात काढले नाहीत. त्याचा कॅमेरा जमिनीच्या पोटात जातो. बोअर आटली, मोटर अडकली, पाइप तुटून खाली पडला, की लोक दयारामला बोलावतात. मग गाडीतून तारेचं मोठं रीळ उतरतं. तारेच्या टोकाला मुठीएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक दिव्यांची माळ, आणि वर एका खोक्यात टीव्ही. कॅमेरा खाली जातो आणि शेतकरी, त्याची बायको, दोन्ही बांधांचे शेजारी आणि रस्त्याने जाणारे पाच-सहा रिकामे लोक टीव्हीभोवती अशी डोकी लावतात की खुद्द दयारामलाच पाहायला जागा उरत नाही.

त्याचं सांगणंही ऐकण्यासारखं. नजर टीव्हीवर, एक हात रिळावर आणि आवाज कीर्तनकाराचा. "शंभर फूट. केसिंग संपली. मुरूम गेला. आता काळा पाषाण. एकशे साठ. एकशे ऐंशी. थांबा." या 'थांबा'वर माणसं श्वास घ्यायची विसरत. "भेग हाय. पाझरून राह्यली. झरा!" की नारळ फुटलाच. खडकाला भेग पडली म्हणून आनंदाने नारळ फोडणारी माणसं दुसऱ्या मुलखात कदाचित नसतील. पण ज्या बोअरला भेग नाही त्या बोअरला पाणी नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

झरा नाही निघाला तर मात्र लोक रुसत. खडकावर नाही, दयारामवर. "पुन्हा एकदा सोडा खाली," म्हणत. जसा काही दुसऱ्या खेपेला खडक लाजणार होता. एकाने तर विचारलं होतं, तुमचा कॅमेरा जुना झाला नाही ना? दयाराम सगळ्यांना सांगायचा, "दादा, कॅमेरा दाखवते. पाणी आणणं त्याच्या हातात नाही." आणि घरी आला की आशाबाईपुढे, म्हणजे बायकोपुढे, हात धुता धुता हसायचा. "लोकाईले खरं चित्र नाही पाह्यजे. त्याईले मनातलं पाह्यजे."

आशाबाईला यातलं सगळं समजत असे. दयाराम आधी बोअरमध्ये अडकलेल्या मोटरी काढायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला तेव्हा पहिली दोन वर्षं तीच त्याच्यासोबत शेतोशेत हिंडली. तो फूट सांगायचा, ती वहीत लिहायची. कुठे केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरणारा वरचा पाइप, संपली, कुठे तांबडा पट्टा, कुठे झरा. अक्षर सुंदर, शाळेत असताना सुविचार फळ्यावर तीच लिहायची. पुढे दयारामला सवय झाली, तो मोबाइलमध्येच बोलून ठेवू लागला, आणि आशाबाई घरी राहिली. पण बोअर म्हणजे काय हे डोक्यातून जातं थोडंच.

दयारामचा गावात एकच वैरी, कडूबा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून कडूबा शेतभर फिरतो. जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. तिथे बोअर मारली आणि कोरडी निघाली की दयारामला बोलावणं येतं. दयाराम कॅमेरा सोडून 'इथं काही नाही' म्हणतो आणि कडूबा म्हणतो, पाणी होतं, मशीनच्या आवाजाने सरकलं. दहा-बारा वर्षांत दोघांचं एकाही बोअरवर एकमत झालं नव्हतं. चहा मात्र रोज एकाच टपरीवर, एकाच बाकड्यावर आणि भांडत.

तर असा हा दयाराम, वय अठ्ठावन्न, होळीच्या आधी पंधरा दिवस इंद्रभानच्या शेतात रीळ उतरवत होता. इंद्रभान म्हणजे गावातला साठ एकरवाला. जुनी बोअर दम सोडत होती, म्हणून तो नवीन मारणार होता, आणि त्याआधी जुन्या बोअरचं पोट पाहून घ्यायचं होतं. रीळ अर्ध्यावर आलं आणि दयारामच्या छातीवर कोणीतरी गहू भरलेला कट्टा ठेवावा तसं झालं. घाम फुटला. डावा हात जड झाला. इंद्रभानच्या बायकोने ओवा आणि गरम पाणी दिलं. दयाराम दहा मिनिटं बाभळीखाली टेकला, उठला, राहिलेली बोअर पाहिली, आणि घरी येऊन म्हणाला, पित्त झालंय.

आशाबाईने सदरा धुवायला घेतला तर तो पिळून घ्यावा इतका ओला. पित्ताने माणूस ओकतो, भिजत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने देऊळगाव राजाला मुलीला, प्रेरणाला फोन केला. सकाळी प्रेरणा आणि जावई गाडी घेऊन हजर. दवाखान्याला दयाराम तयार झालाच नसता, म्हणून जावयाने सांगितलं की जालन्याला तारेचं एक नवं दुकान झालंय. दयाराम इस्त्रीचा सदरा घालून तार पाहायला निघाला आणि जालन्यात हृदयाच्या दवाखान्यात उतरला. तिथल्या तिथे त्याच्या छातीला तारा लावल्या, तेव्हा जावई म्हणाला, बघा मामा, तार म्हटलं होतं ना.

डॉक्टर बाई होती, मधुवंती नावाची, प्रेरणाच्याच वयाची. कागदावर हृदयाच्या ठोक्यांची रेघ पाहून तिचा चेहरा बदलला. तिने मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नसांमध्ये औषध सोडलं आणि फिल्म पाहिली. एका नसेत अडथळा दिसला. पण तो फार मोठाही नाही आणि सोडून द्यावा असाही नाही. फिल्मवर नस बाहेरून सावलीसारखी दिसते, भिंतीची दशा काय ते कळत नाही. ते आतूनच पाहावं लागेल, असं ती म्हणाली.

पुढे आत काय घडलं ते आशाबाईला दोघांकडून कळलं: दयारामकडून पंचवीस वेळा, डॉक्टरीणबाईकडून एकदा.

आतून पाहायचं म्हटल्याबरोबर टेबलावरचा पेशंट मान उचलून विचारू लागला, कशानं? डॉक्टरीणबाईने सांगितलं, केसासारखी बारीक तार जाते, तिच्या टोकातून उजेड निघतो, गोल फिरतो. तो नसेच्या भिंतीवर पडून परत येतो आणि त्यावरून भिंतीचं चित्र बनतं. भिंतीचे थर, त्यात साठलेली चरबी, वरची कातडी किती पातळ, कुठे फाटली, सगळं दिसतं. दयाराम म्हणाला, आमचंच काम की. आणि त्या क्षणापासून तो पेशंट राहिला नाही. तार आत किती जाणार विचारलं. पाच-साडेपाच सेंटिमीटरचंच चित्र घेणार कळल्यावर थोडा नाराज झाला. तो सहाशे फुटांचा माणूस. रक्तातून उजेड पार होत नाही, म्हणून औषध सोडून दोन-तीन सेकंद रक्त बाजूला सारावं लागतं, हे ऐकून त्याने मान डोलावली. गढूळ पाण्यात त्याचाही कॅमेरा आंधळाच. आणि चित्र तार वर ओढताना घेतात, यावर त्याने सूचना केली की उतरतानाही घ्यावं. डॉक्टरीणबाई हो म्हणाली. ती कामात होती.

मग पडद्यावर चित्र आलं. काळ्यावर तांबूस, गोल, कांद्याच्या चकतीसारखं. एकामागून एक चकत्या सरकत गेल्या. एका ठिकाणी डॉक्टरीणबाईने थांबवलं. "हे बघा, भिंतीत चरबी साठली आहे, आणि तिच्यावरची साय इथे फाटली आहे. ही काळी फट दिसते ना?"

दयारामला दिसली. आयुष्यात त्याने एवढी स्वच्छ फट पाहिली नव्हती. तो टेबलावरूनच ओरडला, "झरा!"

सिस्टरला वाटलं, दुखलं.

डॉक्टरीणबाईने समजावलं, या फटीत रक्ताची गुठळी धरू लागली आहे, ती वाढली तर नस एकदम बंद होईल, म्हणून आत्ताच जाळीची नळी बसवू, ती भिंतीला आतून धरून ठेवेल. दयाराम म्हणाला, म्हणजे केसिंग. बिचारीने विचार केला असेल, पेशंटला समजतंय तर चांगलंच आहे. म्हणाली, हो, केसिंगच समजा. आणि तिथेच काम बिघडलं. कारण केसिंग टाकली की त्या मागचा झरा बंद होतो, हे दयाराम गेली बारा वर्षं लोकांना ओरडून सांगत होता. झऱ्यावर केसिंग टाकणारा शेतकरी त्याने वेड्यात काढला होता. आता स्वतःच्या नसेत पहिल्याच फेरीला झरा लागलेला, आणि ही कालची पोर त्यावर केसिंग टाका म्हणते.

त्याने नाही म्हटलं. डॉक्टरीणबाई बाहेर आली, आशाबाईला आणि प्रेरणाला समजावून सांगितलं. मग दोघींनी आत जाऊन दयारामला समजावलं. प्रेरणा रडली. पैशाचं म्हणावं तर ते जावयाने आधीच सरकारी योजनेच्या कार्डावर जमवून ठेवलं होतं, त्यामुळे तेही निमित्त दयारामच्या हाताशी नव्हतं. तो नुसताच नाही म्हणत राहिला, आणि तेही आनंदाने. शेवटी डॉक्टरीणबाईने दोन दिवस ठेवून घेतलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, जिभेखाली धरायची एक वेगळी दिली आणि आशाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, आठ दिवस. त्याच्या आत परत आणा. रीळबिळ उचलू देऊ नका. छातीत दुखलं तर आठ मिनिटंही थांबू नका." स्वतःच्या जबाबदारीवर जातो, या कागदावर दयारामने अशी झोकदार सही केली की जणू सरपंचपदाचा अर्ज भरतोय.

घरी येताना त्याच्या हातात तपासणीची सीडी होती. फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती त्याने पेनड्राइव्हवर घेतली आणि संध्याकाळी अंगणात बोअरचा टीव्ही मांडला.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची रीत आहे. बिस्किटांचा पुडा न्यायचा, खाटेच्या कडेला बसायचं, 'काऊन असं झालं' विचारायचं आणि याच आजाराने गेलेल्या आपल्या एखाद्या नातेवाइकाची गोष्ट सांगून उठायचं. दयारामकडे मात्र लोक एकदा येऊन परत दुसऱ्यांदा येऊ लागले. माणसाची नस आतून पाहायची सोय पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हती. दयाराम खुर्चीवर, हातात रिमोट, आवाज तोच. "ही भिंत. हा थर. आता पाहा. थांबा." लोक थांबत. "झरा." लोक वा म्हणत. बिस्किटांचे पुडे देव्हाऱ्याखालच्या फडताळात मावेनात, आणि आशाबाई चहा करून करून थकली. एकाने विचारलं, किती इंची लागला असेल? दयारामने जरा विचार करून सांगितलं, अडीच तरी. अडीच इंची झरा दोन सुतांच्या नसेत कुठे बसतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी कडूबा आला. आशाबाईला वाटलं, हा तरी विरोधात बोलेल. आजवर दयारामच्या कोणत्याच चित्रावर त्याने विश्वास ठेवला नव्हता. कडूबाने चित्र पाहिलंच नाही. टीव्हीकडे पाठ करून बसला, पिशवीतून शेंडीचा नारळ काढला, तळहातावर आडवा धरला आणि दयारामच्या छातीवरून हळूहळू हात फिरवला. डाव्या बाजूला नारळ उभा राहिला. 

"हाय बे दयाराम," कडूबा म्हणाला. "झरा हाय."

बारा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. लोकांनी ते शुभ मानलं. आशाबाईला मात्र ते अशुभ वाटलं. आजवर एक चुकला तर दुसरा बरोबर, एवढा तरी गावाला आधार होता.

प्रेरणाचा रोज फोन यायचा. ती आधी रडायची, मग आईवर चिडायची, मग पुन्हा रडायची. डॉक्टरांचं म्हणणं आशाबाईने दयारामपुढे चार वेळा काढलं. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा समजावू लागला, तिसऱ्यांदा म्हणाला, तुले बोअरमधलं काय कळते. चौथ्यांदा तो उठून टपरीवर गेला. गोळ्या घेत होता, नाही असं नाही. रक्त पातळ करायची गोळी त्याला पटली होती, पातळ असलं की वाहतं चांगलं. चरबीची गोळी पटली नव्हती, ती आशाबाई मोजून हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

देवाजवळ ती रोज बसायची तशीच बसत होती. शेजारणीने सुचवलं, देऊळगावच्या बालाजीला नवस बोल. आशाबाईने तो बोलला नाही. डॉक्टरणीने उपाय दाखवून दिलेला, मुलगी गाडी घेऊन यायला तयार, आणि आपण पुन्हा देवाला म्हणायचं की दुसरा एखादा उपाय काढ. हे तिला बरं दिसेना. तिने एवढंच मागितलं की यांना समज दे. मग दयारामकडे पाहून तिला वाटलं, हे देवालाही जड जाईल. म्हणून ती पुढे म्हणाली, नाहीतर मला बोलता येऊ दे.

पाचव्या दिवशी दुपारी दयाराम अंगणात गाडीवर ताडपत्री ओढत होता. ओढता ओढता थांबला. एक हात गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर, दुसरा छातीवर. आशाबाई दारातून पाहत होती. त्याने पाणी मागितलं, आवाज अगदी बारीक. ती पाणी नाही, जिभेखालची गोळी घेऊन धावली. पाच मिनिटांनी त्याच्या तोंडावर रंग आला. गाडी बोलावते म्हणाली तर तो म्हणाला, ऊन लागलं. फाल्गुनातलं ऊन, आणि तेही लिंबाच्या सावलीत.

त्याच दिवशी संध्याकाळी इंद्रभान भेटायला आला. सोबत चार माणसं, म्हणजे इंद्रभान कुठेही जातो तेव्हा असतात तेवढी. त्याने बिस्किटं नाही, सफरचंदं आणली होती. टीव्ही लागला. दयारामने सुरुवात केली, पण आवाज रोजचा नव्हता, मधे मधे श्वास घेत होता. आशाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. बाहेरच्या माणसांत ती कधी बोलत नसे. चहा ठेवायचा, डोक्यावरचा पदर सारखा करायचा आणि आत जायचं. आज तिने ट्रे खाली ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

पडद्यावर ती फट आली. दयाराम म्हणाला, "थांबा."

"मी एक इचारू काय?" आशाबाई म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. दयारामला वाटलं, साखरेचं विचारत असेल.

"बोअरमंदी झरा लागते, तवा पाणी कुठून येते?"

"खडकातून. बाहेरून आत," दयाराम म्हणाला. "एवढं बी इसरली काय?"

"नाई इसरली. मीच लिहून घेतलं दोन वरसं. बाहेरून आत." तिने पडद्यावर बोट ठेवलं. ओल्या बोटाचा डाग काचेवर उमटला. "इथं रक्त पहिलेच आत हाय. बाहेर काहीच नाही. मंग ह्या भेगेतून कोण कुठं जाऊन राह्यलं?"

दयारामने रिमोट दाबून चित्र मागे नेलं आणि तीच फट पुन्हा पुढे आणली. 

इंद्रभानच्या सोबतचा एक जण हळूच म्हणाला, "आपली खालच्या वावरातली बोअर अशीच होती ना भाऊ. वरून पाणी यायचं अन् खालच्या भेगेत जिरून जायचं."

"हाव," इंद्रभान म्हणाला. "दयारामभाऊनंच दाखवली होती. मी बुजवली ते."

मग इंद्रभानने दयारामकडे पाहिलं. माणूस आटत चाललेल्या बोअरकडे पाहतो तसं. म्हणाला, "म्हणजे भाऊ, तुमची गळून राह्यली."

दयाराम रागाने लाल झाला. टीव्ही बंद केला. चहा तसाच राहिला. रात्री जेवला नाही, आणि आशाबाईशी बोललाही नाही. तिला वाटलं होतं, खरं दिसल्यावर माणूस ऐकेल. पण खरं दिसणं वेगळं आणि बायकोने चारचौघांत दाखवणं वेगळं.

गावाचं काय विचारता. चार दिवस ज्या उत्साहाने झरा झरा चाललं होतं, त्याच उत्साहाने सकाळपासून 'दयारामची गळते' सुरू झालं. ज्यांनी वा म्हटलं होतं त्या सगळ्यांना म्हणे तेव्हाच शंका आली होती. अडीच इंची विचारणाऱ्याने तर पैज लावली होती असं तो सांगू लागला. कडूबाला लोकांनी नारळाबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, नारळ पाणी सांगतो, पाणी येतंय का जातंय हे सांगणं त्याचं काम नाही.

दयाराम घराबाहेर पडला नाही. सहावा दिवस गेला. आशाबाई दिवस मोजत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

सातव्या दिवशी सकाळी इंद्रभानचा फोन आला, तो दयारामने पडल्या पडल्या स्पीकरवर घेतला. आवाज इतका मऊ की आशाबाईलाच धास्ती वाटली. नवीन बोअर मारून झाली होती, कॅमेरा सोडायचा होता. पण भाऊ, तुम्ही आराम करा, तुमची नस अशी, रीळ काही उचलू नका. लोणारचा एक माणूस आहे, त्याचा कॅमेरा म्हणे चारी बाजूला मान फिरवतो. त्याला सांगितलंय. परवा येतोय.

दयाराम उठून बसला. मरणाची गोष्ट सहा दिवस घरात हिंडत होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नव्हतं. लोणारच्या माणसाचं नाव निघालं आणि त्याला दरदरून घाम फुटला. या घामाला आशाबाई घाबरली नाही, हा छातीचा नव्हता.

"प्रेरणाले फोन लाव," तो म्हणाला.

"काऊन?"

"गाडी घेऊन ये म्हणा. आजच्या आज. त्या मॅडमले सांग, येऊन राह्यलो. केसिंग टाकून घेतो." आणि मग, दुसरीकडे पाहत, "लोणारवाला माह्या बोअरमंदी हात घालते म्हणजे काय."

आशाबाईने फोन लावला. माणसाने जीव वाचवायला योग्य कारणाने जावं असा काही देवाचा नियम नाही, हे तिला त्या दिवशी नीट समजलं. कोणी समजून जातो, कोणी घाबरून, कोणी लोणारवाल्याच्या रागाने. पोहोचला म्हणजे झालं.

जालन्याला पोहोचेपर्यंत वाटेत दोनदा गोळी लागली. डॉक्टरीणबाई एका शब्दाने टोचून बोलली नाही, तिने सरळ आत घेतलं. आशाबाई आणि प्रेरणा बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. प्रेरणा मोबाइलवर वेळ पाहत राहिली. आशाबाईने नामस्मरण सुरू केलं. कितीदा झालं ते तिने मोजलं नाही.

दीड तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आली. जाळी बसली होती. गुठळी मागच्या वेळेपेक्षा मोठी झालेली होती, अजून दोन दिवस गेले असते तर इथवर येणं झालं नसतं, असं तिने स्पष्टच सांगितलं. मग ती थोडी हसली. जाळी टाकल्यावर पुन्हा उजेडाची तार घालून पाहिलं, तर एका बाजूला जाळी भिंतीला पुरती टेकली नव्हती, मधे जरा सांद राहिली होती. असं होतं कधी कधी. जाळी आतून दाबून बसवतात तो फुगा तिने पुन्हा फुगवायला मागितला, सिस्टरने तो हातात दिला, आणि तेवढ्यात काका टेबलावरून म्हणाले, मॅडम, उजव्या अंगाला केसिंग बसली नाही. "बरोबर ओळखलं त्यांनी," ती म्हणाली. "फुगा माझ्या हातात होता तेव्हा."

सव्वा महिन्याने दयाराम पुन्हा कामावर गेला. लोणारवाल्याचा मान फिरवणारा कॅमेरा इंद्रभानच्या बोअरमध्ये तीनशे फुटांवर अडकून पडला होता आणि तो काढायला दयारामलाच बोलावणं आलं, यापेक्षा मोठं औषध कोणत्याही दवाखान्यात मिळालं नसतं. आशाबाई सोबत गेली. रीळ इंद्रभानच्या माणसांनी उतरवायचं, हे तिने आधीच कबूल करून घेतलं होतं. डोकी जमली. दयारामने कॅमेरा खाली सोडला आणि फूट सांगायच्या आधी ती गोष्ट सुरू केली. की जालन्याला एवढी शिकलेली डॉक्टरीण, एवढं मोठं मशीन, पण केसिंग एका अंगाला बसली नाही हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "मी म्हटलं, मॅडम, थांबा. उजवं अंग पाहा. त्याईनं पाह्यलं. म्हणे काका, तुम्ही नसते तर आज मोठी चूक झाली असती."

लोक वा म्हणाले. कडूबाही तिथे होता, त्याने मात्र नाक मुरडलं, आणि ते पाहून आशाबाईला फार बरं वाटलं.

इंद्रभानच्या बायकोने तिच्याजवळ सरकून विचारलं, "खरंच काहो बाई? डाक्टरले यायनंच दाखवलं?"

आशाबाईने दयारामकडे पाहिलं. रंग चांगला होता. श्वासासाठी न थांबता तो एवढं लांबलचक खोटं बोलत होता.

"मी तर बाहेर बाकड्यावर होती," ती म्हणाली. "आतलं मले काय मालूम."

आणि बारा वाजायला आले होते, म्हणून तिने पिशवीतून गोळी काढली, तांब्यात पाणी ओतलं आणि माणसांमधून वाट काढत ती टीव्हीकडे गेली.